वहिनींचे हात आणि माझं इंग्रजी

ही गोष्ट मी गेल्या महिन्यापर्यंत कोणालाही सांगितली नव्हती. हे वाक्य वाचून आमच्या चाळीतले लोक हसतील. या माणसाच्या पोटात राहिलेली गोष्ट? कोणाची मांजर व्याली तरी तिच्या बाळंतपणाचं सविस्तर वर्णन माझ्याच तोंडून ऐकायचं, असा लालबागेतल्या आमच्या चाळीचा शिरस्ता. लग्न असो, बारसं असो, जेवणं आटोपून अडकित्ता फिरू लागला की कोणीतरी म्हणणारच, "बाबू, सांगा काहीतरी." आणि बाबू सांगतो. गिरणीत हजेरी मांडायची आणि चाळीत गोष्टी सांगायच्या. चाळिशी उलटली, माझ्या हातून तिसरं काही झालेलं नाही. पण ही एक गोष्ट... नाही, ही नाही सांगितली. उलट हिच्यावर एक दुसरी, हसण्यासारखी गोष्ट रचून ठेवली. म्हणजे कोणी खाली उकरून पाहायला नको.

गेल्या महिन्यात माझ्या हातून एक घोटाळा झाला, म्हणून हे लिहिणं आलं.

दादाच्या सुंदरीचं बारसं होतं — म्हणजे सुंदरीच्या मुलाचं. पाहा, इथंच अडखळलो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवतो. सुंदरी त्याची एकुलती एक लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. आमच्या दोन खोल्या शेजारी शेजारी. मधल्या दाराला पाळणा टांगला होता, बायका जमल्या होत्या. एकीनं पाळण्यावरून मूल द्यायचं, दुसरीनं पाळण्याखालून घ्यायचं, अशी रीत. आणि मी, नको तिथं पुढारपण करायची खोड, मोठ्यानं ओरडलो, "खालून आजीनं घ्यायला हवं! वहिनी, तुम्ही या पुढं!"

वहिनी म्हणजे दादाची बायको, जानकीवहिनी. त्या आल्या. हसत आल्या. खाली बसून त्यांनी दोन्ही हात पुढं केले — आणि मग मला आठवलं. घरातला प्रत्येक माणूस जे क्षणभरही विसरत नाही ते मी विसरलो होतो. वाऱ्यानं भात एका अंगाला झोपावं तशी त्यांची बोटं करंगळीच्या दिशेनं कललेली. मनगटं खिळल्यासारखी. त्या हातांत भांडं राहत नाही, बारा दिवसांचं मूल काय राहणार? त्यांनी कोपरापासूनचे हात सुपासारखे जोडून धरले. मूल देणारी बाई थबकली. सगळ्या गप्प. आमच्या घरच्या मंडळींनी — माझ्या बायकोनं — पटकन मधे बसून मूल घेतलं, वहिनींच्या गालाला लावलं आणि पाळण्यात घातलं. झालं.

आणि त्या गप्प बसण्यातून सुटायला कोणीतरी म्हणालं, "बाबूकाका, ती सायबाची गोष्ट सांगा ना!"

मी सांगितली. होय, सांगितली. वहिनींचे ते हात समोर असताना सांगितली. गिरगावातला गोरा डाक्तर वहिनींचे हात बघतो, डोळे वटारतो, टेबलावर मूठ आपटतो आणि म्हणतो, "बाई, टुमी जाटा फिरवो! जोर शे फिरवो!" मी सायबाची चाल करतो, सायबाची मिशी करतो. बायका हसून हसून पदर तोंडाशी धरतात. सगळ्यांत जास्त वहिनी हसतात.

तो सायब असं काही म्हणाला नव्हता.

आता सुरुवात झालीच आहे तर नीट सांगतो — नीट म्हणजे माझ्यानं जमेल तसं. गोल गोल फिरेन. समजून घ्या असंही म्हणत नाही.

हे प्लेगच्या आधीचं, चार-पाच वर्षं आधीचं. तेव्हा वहिनी आमच्या खोलीत खाणावळ चालवत. आमच्याच गावची, आसपासच्या वाड्यांची एकटी माणसं, बायकापोरं गावाला ठेवून गिरणीत आलेली. वीस-बावीस जण दोन वेळा जेवायला. तांदूळ दळायचे, भाकऱ्या थापायच्या, कालवण करायचं, आणि सकाळचं सगळं पहिल्या भोंग्याच्या आत. वहिनी भाकरी थापू लागल्या की परातीवर हात पडल्याचा आवाज दोन खोल्या पलीकडं ऐकू येई. तो आवाज ऐकून मी उठत असे. त्यांची भाकरी हातावरच गोल होई. माझी बायको म्हणे, "जाऊबाईंच्या हाताला डोळे आहेत."

मग एका वर्षी तो आवाज उशिरा येऊ लागला.

सकाळी त्यांच्या मुठी उघडत ना. "बोटां उघडनत नाय, काय करू?" असं म्हणत त्या चुलीवरच्या हंड्याच्या वाफेवर हात धरून बसत. तास, दीड तास. बोटांची मधली पेरं सुजून फुगलेली, मुळाशी गाठी, दोन्ही हातांना अगदी सारखी, जणू आरशात पाहावं. आणि दुपार झाली की? दुपारी सगळं सैल. दुपारी त्या पापड लाटायला बसत, गात, हसत. संध्याकाळी परत जरा ठणका. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा मुठी बंद.

आता मला सांगा, पहाटे कामाच्या वेळी आजारी आणि दुपारी बरी, अशा बाईबद्दल चाळ काय बोलेल? आणि चाळीनं बोलायची गरजच काय, मी होतो ना. आमचा धंदाच हजेरीचा. गिरणीच्या दाराशी बसून कोण वेळेवर आला, कोण उशिरा, कोणाचा खाडा, हे मांडायचं. एकदा भाकऱ्यांना उशीर झाला, माणसं ताटकळली, आणि मी म्हणालो, "वहिनींचे हात अकरा वाजता कामावर येतात. गिरणीत असते तर केव्हाच खाडा लावला असता." पंगत खदखदून हसली. ते वाक्य पुढं वर्षभर चाललं. "काय वैनी, आले काय हात कामावर?" असं जो तो विचारी. वहिनी चुलीकडं तोंड करून असत.

पण ती माझी चूक नव्हे — म्हणजे चूकच, पण सांगायची आहे ती वेगळी. ती अजून पुढं आहे. मी तिच्याकडं जायला इतका वेळ का लावतोय, ते तुम्हांला कळलं असेलच.

माझं इंग्रजी. त्याबद्दल आधी सांगायला हवं. मी इंग्रजी तीन इयत्ता शिकलो, त्यातली तिसरी अर्धी. हजेरीबुकात लागतात तेवढे शब्द, आकडे, वारांची नावं आणि 'येस सर'. पण चाळीत मी इंग्रजी जाणणारा. कोणाला इंग्रजी कागद आला की माझ्याकडं येई. मी तो उजेडाला धरत असे, भुवया चढवत असे, दोन शब्द मोठ्यानं म्हणत असे आणि बाकीचं अंदाजानं सांगत असे. अंदाज बहुधा बरोबर येई. गरिबाला आलेल्या इंग्रजी कागदात दुसरं काय असणार? 'नाही' असंच असतं. एकंदरीत माझ्या इंग्रजीला कधी कोणी हरकत घेतली नाही. मला तर त्याचा अभिमान होता.

तर दादा म्हणाला, "बाबल्या, हिला एकदा गिरगावात दाखवून आण. तिथं गोरा डाक्तर आहे, पैसे घेत नाहीत. मला खाडा करून चालायचं नाय, आणि तुला बोलता येतं." मी वहिनींना घेऊन निघालो. भायखळ्यापर्यंत चालत, पुढं ट्रामनं. वहिनी पहिल्यांदाच ट्राममधे बसल्या. घोड्यांची दया येत होती त्यांना.

दवाखान्यात दारावरच्या पट्टेवाल्यानं सांगितलं, "मराठी समजावून देणारे छोटे डाक्तर बाहेर गेलेत. अर्ध्या तासात येतील. थांबा."

अर्धा तास. बाकड्यावर सावली होती, वहिनींना घाई नव्हती. मी म्हणालो, "थांबायची गरज नाही. मी आहे."

इथं थोडं थांबतो.

सायब म्हातारा होता, हळू बोलणारा. टेबलावर मूठबीठ आपटली नाही त्यानं. वहिनींचे दोन्ही हात त्यानं स्वतःच्या तळव्यांवर ठेवून घेतले, एकेक पेर अलगद दाबलं. वहिनींनी ओठ चावला की तो तिथंच थांबे आणि मान हलवी. मग त्यानं कागद घेतला, पेन्सिलीनं काही काढलं: दोन हाडांची टोकं, त्यांच्याभोवती एक रेघ. ती रेघ त्यानं जाड केली. आणखी जाड केली, हाडावर चढवली, आणि हाडाच्या कडेला पेन्सिल टोचून टोचून दोन खड्डे पाडले. आणि बोलत होता, माझ्याकडं बघून, सावकाश, माझ्यासाठी शब्द सुटे करून. मी मान डोलावत होतो. त्यातला एक 'बोन' कळला. बाकी डोक्यावरून गेलं.

त्यानं विचारलं असावं, समजलं का. मी म्हणालो, "येस सर."

त्यानं एक कडू औषधाची बाटली दिली, चिंध्यांची एक गुंडाळी दिली आणि दोन पातळ लाकडी पट्ट्या दिल्या. वीतभरापेक्षा थोड्या लांब, रंधा मारून गुळगुळीत केलेल्या, सुंदर. आणि वहिनींकडं बघून दोन बोटं आडवी धरून काहीतरी सांगितलं. मी पुन्हा 'येस सर' म्हणालो. दार ओलांडताना छोटे डाक्तर समोरून आत शिरले. मी त्यांना वाट दिली.

ट्राममधे वहिनींनी विचारलं, "भावजी, काय म्हणालो सायब?"

मी बाहेर बघत होतो. काय सांगणार? की मला कळलं नाही? की चला परत, छोटे डाक्तर आलेत, विचारू? सांगता आलं असतं. पुढच्या नाक्यावर उतरता आलं असतं. वहिनी हसल्याही नसत्या — त्या मला कधीच हसल्या नाहीत, हसायचो मीच. पण मी गिरणीतला माणूस, डोक्यात गिरणीच. मी म्हणालो, "सायब म्हणतो, साचा बंद ठेवला की गंजतो. सांधा तसाच. चालता ठेवायचा. सकाळी उठल्या उठल्या जात्यावर बसायचं. तेवढंच वंगण."

"दुखला तरी?"

"दुखलं तरी. दुखणं म्हणजे गंज सुटतो आहे."

तुम्हांला वाटेल, इतकं सफाईदार खोटं आधी ठरवून ठेवलं असेल. नाही हो. तोंड उघडलं आणि आलं. माझ्या सगळ्या गोष्टी अशाच येतात.

"आणि ह्यो पट्ट्यो?" त्यांनी विचारलं.

"त्या मला दिल्या," मी म्हणालो. "रेघा मारायला. माझं इंग्रजी ऐकून खूश झाला सायब."

वहिनींना केवढा आनंद झाला! घरी आल्या आल्या त्यांनी शेजारणींना सांगितलं. चिंध्यांची गुंडाळी त्यांनी तवा पुसायला घेतली.

दुसऱ्या दिवसापासून त्या पहाटे उठून, मुठी उघडायच्या आधी, वाफ न घेता, जात्यावर बसू लागल्या. बोटं खुंट्यावर बसत ना, तर डाव्या हातानं उजव्याची बोटं एकेक करून खुंट्याभोवती वळवत. माझी बायको आधी दळणाला हात लावत असे. आता त्या तिला उठवत: "तू ऊठ गो. सायबान माका सांगल्यान हा, तुका नाय." आणि दळताना जो आवाज त्यांच्या तोंडून निघे, त्यावर त्या ओवी घालत. चाळीला वाटे, वहिनी गातात. मला काय वाटे? मला वाटे, आपला अंदाज बरोबर आला. खरंच वाटे. दोन महिने भाकऱ्या वेळेवर होत्या.

इथपर्यंतचं अडाणीपणावर घालता येईल. घालावं असं म्हणत नाही. घालता येईल, इतकंच. पुढचं कशावरही घालता येत नाही.

आठ महिन्यांनी औषधाची बाटली भरून आणायला मी गेलो. एरवी खिडकीतून पट्टेवाला भरून देई. त्या दिवशी खिडकीत ते छोटे डाक्तर होते. तरुण, आपल्याच बाजूचे, बोलके. कागद बघून म्हणाले, "या बाईंना महिन्याभरानं परत आणायला सांगितलं होतं ना सायबांनी? पट्ट्या बांधतात ना रात्रीच्या? मनगट सरळ राहायला पाहिजे."

मी म्हणालो, "बांधतात."

हे बघा, विचारही करावा लागला नाही.

मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "हे दुखणं नेमकं असतं काय?" तो भला माणूस मला आत घेऊन बसला. म्हणाला, "बकऱ्याचे पाये खाता ना? सांधा मोडला की हाडाच्या टोकाला पांढरं, मोत्यासारखं, बुळबुळीत काही दिसतं?" दिसतं, मी म्हणालो, वहिनींच्या हातचा पायांचा रस्सा मी बोटं चाटून खाल्लेला. "ती कूर्चा. हाडावर हाड घासू नये म्हणून ती. आणि सांध्याला आतून एक अस्तर असतं, बंडीला असतं तसं. कांद्याच्या पापुद्र्याइतकं पातळ. सांध्याला वंगण देणं हे त्या अस्तराचं काम. या आजारात तेच अस्तर बिघडतं. सुजतं, जाड होतं, लाल, रक्तानं भरलेलं. म्हणून तिथं हात लावला तर ऊन लागतं. आणि मग ते वाढत वाढत कडेनं कूर्चेवर चढतं. विहिरीच्या दगडावर शेवाळ चढतं तसं. पण शेवाळ दगड खात नाही. हे खातं. आधी कूर्चा. आणि जिथं ते हाडाला चिकटलेलं असतं तिथं कडेनं हाडही कुरतडतं, उंदरानं पाटाची कड कुरतडावी तसं. मेलेल्या एका बाईचा गुडघा उघडून आम्हांला कॉलेजात दाखवला होता. अर्धी कूर्चा उरली नव्हती. आजूबाजूचे बंध ढिले होतात, म्हणून बोटं एका बाजूला कलतात. शेवटी हाडाला हाड लागतं, कधी दोन्ही जुळून एक होतात."

"का होतं पण?" मी विचारलं.

"ते आम्हांला ठाऊक नाही. सायबांनाही नाही. पण सूज ऊन असते तोवर सांध्याला विसावा द्यायचा, पट्टीवर सरळ बांधायचा. ऊन उतरलं की हलकेच हलवायचा. जोराचं काम तर नाहीच. आत आग असताना वरून दळण कशाला?" त्यांनी 'दळण' हा शब्द आपणहून वापरला. त्यांना काय माहीत?

मी विचारलं, विसाव्यानं बरं होतं का? ते म्हणाले, बरं होईल असं कोणीच सांगू शकणार नाही. काहींचं विसाव्यानंही वाढतंच. पण पुष्कळदा हात वाकडा होणं तरी लांबतं. हे वाक्य मी घरी येईपर्यंत चघळत आलो. 'काहींचं विसाव्यानंही वाढतंच.' गेली सहा वर्षं अधूनमधून काढतो, चघळतो, परत ठेवतो. त्यात आता चव राहिलेली नाही.

घरी आलो तेव्हा पंगत बसली होती. वहिनी वाढत होत्या. पळी दोन्ही हातांत धरून. आणि मी सांगणार होतो. देवाशपथ सांगणार होतो. जिन्यावर वाक्यही जुळवलं होतं. तेवढ्यात पंगतीतला एक जण म्हणाला, "बाबू, माझ्या भावाचो हात मोडलो हा. तुमच्या त्या सायबाकडं तुमीच चला. तुमच्याशिवाय त्येचा इंग्रजी कोणाक समजतला?" वीस माणसं माझ्याकडं बघत होती. दादा बघत होता, अभिमानानं.

मी जेवायला बसलो.

जेवण झाल्यावर वहिनींना हळूच म्हणालो, "आता दळण जरा कमी करा." एवढंच. त्या म्हणाल्या, "असा कसा? सायबान सांगल्यान मां?" तिथं, अगदी तिथं, एक वाक्य पुरलं असतं. वहिनी, सायबानं नाही, मी. चार शब्द. मराठीत. त्याला इंग्रजी लागत नव्हतं. मी म्हणालो, "हो, तेही खरंच."

दुसऱ्या दिवशी गिरणीत मी त्याच पट्टीनं हजेरीबुकात रेघा मारल्या. सरळ आल्या.

पुढं काय झालं ते तुम्ही बारशाच्या वेळी पाहिलंत. पण ते एका दिवसात झालं नाही. आधी अंगठीचं बोट कललं. मग बाकीची. उजवं मनगट एका पावसाळ्यानंतर हलायचंच थांबलं. सूज गेली, ऊन गेलं, आणि हालचालही गेली. मला छोट्या डाक्तरांचं बोलणं आठवत होतं: कूर्चा, कड, हाडाला हाड. वहिनींच्या हातात आत काय चाललंय हे साऱ्या लालबागेत एकट्या मला ठाऊक होतं. ताटात भाकरी पडे आणि मला ठाऊक असे. मी रोज पाहत होतो आणि रोज जेवत होतो. आणि याच काळात, लोकांनी विचारू नये म्हणून, मी ती सायबाची हसायची गोष्ट रचली. टुमी जाटा फिरवो. ती इतकी चालली की शेवटी दादालाही वाटू लागलं, आपणच तिथं होतो.

खाणावळ शेजारणीकडं गेली. वहिनींना कुंकू लावता येईना, अंबाडा घालता येईना. आणि त्यांनी दोष कोणाला दिला? रोगाला नाही, सायबाला नाही. एकदा शेजारीण हळहळली, इतकं करूनही हात राहिले नाहीत म्हणाली, तर वहिनी म्हणाल्या, "मियांच आळस केलंय गो. मधे दोन-तीन महिने दुखता म्हणून सकाळचा दळाण सोडलंय. सायबान सांगलेला, सोडू नको. ऐकलंय नाय." मी दारात उभा होतो. मी गिरणीची वेळ झाली म्हणून निघून गेलो. वेळ झाली नव्हती.

बारसं झाल्यावर चौथ्या दिवशी दुपारी मी सांगितलं. सुंदरी मुलाला घेऊन आत निजली होती. वहिनी उंबऱ्यावर बसल्या होत्या, माझी बायको तांदूळ निवडत होती. मी उभ्यानंच सांगितलं. छान सांगता आलं नाही. मधेच अडकलो, पट्ट्यांचं आधी सांगितलं आणि ट्रामचं मागाहून, मग पुन्हा पहिल्यापासून. ज्या माणसाला गोष्टी सांगता येतात म्हणून चाळ बोलावते, त्याला ही एक धड सांगता आली नाही.

वहिनी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मियां आळस करूक नाय?"

मी म्हणालो, "नाही. तुम्ही नाही केला."

त्यांनी आपल्या हातांकडं पाहिलं. ते हात त्यांनी आजवर कधी कोणापासून झाकले नव्हते. परक्यासमोरसुद्धा नाही, माझ्यासमोर तर नाहीच. त्या दिवशी पदराखाली घेतले. उठल्या, भिंतीला खांदा लावून उठतात तशा, आणि नातवाकडं आत गेल्या. त्यानंतर बोलतात, जेवलात का, पाणी काढलं का, असं. तेवढंच बोलतात.

माझी बायको तांदूळ निवडत राहिली. तिनं मान वर केली नाही. सूप पाखडून झालं, खडे तिनं मुठीत घेतले, गॅलरीतून खाली टाकले, आणि परत येऊन म्हणाली, "पाच वर्षं मी त्यांची वेणी घालते. रोज सकाळी त्या म्हणतात, माझ्या आळसाची शिक्षा तुला गो. रोज म्हणतात. आणि तुम्ही तिथंच, आरशापुढं, पागोटं बांधत असायचात."